सीमोल्लंघनाची नवी मोटार आणि सारथ्याची दृष्टी

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. शमीचे पूजन करावे, आपट्याचे सोने द्यावे-घ्यावे, गावाची शीव ओलांडून यावी, हा पूर्वापार चालत आलेला क्रम. गेल्या काही दशकांत या क्रमात दाराशी उभ्या राहणाऱ्या नव्या मोटारीची भर पडली आहे. २०२५ साली तर घटस्थापना आणि मोटारींवरील करकपात या दोन्ही गोष्टी २२ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. चार मीटरांहून अधिक लांब नसलेल्या आणि १२०० सी.सी.पर्यंतचे इंजिन असलेल्या पेट्रोल मोटारींवर तोवर उपकरासह २९ टक्के कर पडत असे, तो १८ टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारींवरील कर आधीपासूनच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. ज्या घरांत मोटार हे केवळ बोलण्यातले स्वप्न होते, त्या घरांत ते हिशेबात उतरले. घरातील लेक किंवा सून गाडी चालविणार असेल, तर 'ऑटोमॅटिकच घेऊ' हा विचारही आता सहज बोलला जातो.

आनंदाची ही बाजू सांगितली, तशी दुसरीही सांगावयास हवी. त्याच सप्टेंबर महिन्यात दिल्लीच्या निर्माण विहार भागातील एका विक्रीदालनात, नव्या कोऱ्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याचा विधी चालू असता गाडी एकाएकी उसळली आणि पहिल्या मजल्यावरील काच फोडून खाली रस्त्यावर कोसळली. आतील माणसे बचावली, ही देवाची कृपा. वृत्तपत्रांनी ते दृश्य गंमत म्हणून छापले, लोकांनी हसण्यावारी नेले. आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसले नाही. लिंबू चिरडण्यास चाक वीतभर पुढे सरकणे पुरते. ते वीतभर अंतर नव्या माणसाच्या पायाला कळत नाही, हा खरा प्रश्न आहे. काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूत विजयादशमीचे अपराजितापूजन, शमीपूजन, सीमोल्लंघन सांगितले आहे. मोटारीच्या चाकाखालच्या लिंबाचा उल्लेख १७९० सालच्या त्या ग्रंथात असणार तरी कोठून? ज्यांना ती हौस असेल त्यांनी ती करावी, पण त्या वेळी सुकाणूवर जाणत्या माणसाला बसवावे, अथवा लिंबू हाताने कापून चाकापाशी ठेवावे. देवाला त्यात उणे वाटणार नाही.

आम्ही राहतो त्र्यंबकेश्वरी. कीर्तनसेवेच्या निमित्ताने तोरंगणचा घाट उतरून मोखाडा, जव्हार या भागात आमचे जाणे-येणे अनेक वर्षांचे. ज्या प्रदेशाचे आम्ही बोलतो तो मुकणे राजघराण्याच्या जुन्या जव्हार संस्थानचा. २०१४ च्या १ ऑगस्टपासून तो पालघर जिल्ह्यात आहे. रस्ते वळणावळणाचे, पावसाळ्यात धुक्याने भरलेले. आश्विनातही संध्याकाळी ते धुके अनेकदा ओसरलेले नसते. गाड्यांपेक्षा पायी चालणारी माणसेच रस्त्याच्या कडेला अधिक : डोईवर मोळी किंवा हंडा घेतलेल्या बाया, शाळेची मुले, गुरे, शेळ्या. संस्थानकाळापासून चालत आलेल्या जव्हारच्या दसऱ्यास पाड्यापाड्यांवरून लोक चालत येतात. दिवाळी सरली की पुष्कळ कुटुंबे बोचकी बांधून भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला टेम्पोची वाट पाहत बसलेली ती माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला आमचे पुढील म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ साली बालमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. ते दुःख आम्ही येथे उगाळीत नाही. परंतु त्या वेळी जी गोष्ट सर्वांना कळून चुकली ती ही, की अशा गावी डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका वेळेवर पोहोचणे हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. आज या भागातील आरोग्यकेंद्रांत आणि आश्रमशाळांत काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया स्वतः वाहन चालवू इच्छितात. शेवटच्या एस.टी.वर आयुष्य बांधून ठेवण्यापेक्षा ते बरे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते योग्यच आहे. तेव्हा 'नवशिक्याने कोणती ऑटोमॅटिक घ्यावी' हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या हौसेचा राहिलेला नाही.

मोखाड्याच्या आमच्या एका यजमानांकडे हाच विषय निघाला होता. सूनबाई परिचारिका, रोजचे जाणे आडगावी. यजमानांचा आग्रह उंच, दांडग्या, पुढून भिंतीसारख्या दिसणाऱ्या गाडीचा. "महाराज, तुम्हीच सांगा, घाटात दणकट गाडी नको का?" असे ते आम्हांला साक्षीस घेऊन म्हणाले. सूनबाईंनी हळूच विचारले, "मामंजी, गाडी दणकट आहे हे खरे, पण त्या बॉनेटच्या पलीकडे मूल उभे राहिले तर मला दिसेल का?" यजमान गप्प झाले. आमच्या मते त्या प्रश्नातच गाडीची निम्मी परीक्षा आली होती.

आता यंत्राचे थोडे. गिअर आपोआप बदलणारी गाडी ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांत अशी यंत्रणा १९४० च्या नमुन्यांपासून सर्रास मिळू लागली. पट्टा आणि दोन कप्प्या यांवर चालणारी पद्धत हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे मात्र ही सोय सामान्य घरांच्या आवाक्यात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. त्या गाडीतील यंत्रणा ए.एम.टी. नावाने ओळखली जाते. तिच्यात गिअरपेटी नेहमीचीच असते. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही माणसाची कामे तेवढी यंत्र करते. म्हणूनच ती स्वस्त पडते. हाताच्या गिअरच्या गाडीहून साधारण ५० हजारांच्या आसपास अधिक द्यावे लागतात, आणि पेट्रोलही फारसे जास्त लागत नाही. उणीव एवढीच, की गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते व मान किंचित पुढे झुकते. सपाटीवर त्याचे काही वाटत नाही. चढावर, पुढे एस.टी. रेंगाळत असता, ते जाणवते.

तेलाच्या साह्याने शक्ती पुढे पोहोचविणारी 'टॉर्क कन्व्हर्टर' पद्धत आणि वर सांगितलेली पट्ट्याची 'सी.व्ही.टी.' पद्धत या दोन्ही चालविण्यास मऊ. मंद गतीने सरकताना नवशिक्याचा जीव त्यांत घाबरत नाही. पण त्यांसाठी लाखभर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. दोन क्लचची आणखी एक पद्धत आहे. शहराच्या कोंडीत आणि चढावरच्या रांगेत तिचे क्लच तापण्याची तक्रार असते, सबब नवशिक्याने तिच्या वाटेस न जाणे बरे. विजेच्या गाडीत गिअर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. घाट उतरताना तिची मोटर उलट चालून गती आवरते आणि थोडी वीजही परत मिळते. मात्र घाटमाथ्यावरच बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ही आवरण्याची शक्ती कमी पडते, हे विक्रेता सहसा सांगत नाही. घरी रात्री चार्जिंगची सोय आणि रोजचे ठरलेले अंतर असेल, तर आमचा विजेच्या गाडीस विरोध नाही.

नवशिक्याचा घाटातील पहिला शत्रू म्हणजे चढावर थांबलेली गाडी मागे घसरणे. ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवीपर्यंत जो क्षण जातो, त्या क्षणात गाडी हातभर मागे येते आणि मागचा मोटारसायकलवाला ओरडतो. या क्षणापुरता ब्रेक आपणहून धरून ठेवणारी 'हिल होल्ड' नावाची सोय आता लहान गाड्यांतही मिळते. पण ती प्रत्येक प्रकारात असेलच असे नाही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता छापील पत्रकात पाहून घ्यावे. ही सोय नसेल तर हँडब्रेक ओढून, इंजिनाने जोर धरल्यावर तो सोडावा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरणे हा प्रकार ए.एम.टी.त कदापि करू नये, क्लच जळतो.

उतारावरची गोष्ट याहून महत्त्वाची. ऑटोमॅटिक गाडी 'डी'वर ठेवून तोरंगण उतरू लागले, की पुष्कळदा ती वरचा गिअर घेते आणि मोकळी धावू पाहते. मग चालक सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड ढिली पडते. म्हणून ए.एम.टी.त 'एम'वर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये, इतर पद्धतींत 'एल' किंवा तत्सम खालच्या खुणेवर गाडी आणून इंजिनाच्या ओढीने उतरावे. ज्या गाडीत अशी खूण किंवा सोय नाही, ती घाटातल्या घरासाठी घेऊच नये. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देण्याचा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबावे.

अमरकोशात सारथ्याच्या नावांत 'यंता' आणि 'नियंता' हे शब्द आले आहेत. दोन्हींचा अर्थ आवरणारा. पळविणारा असे नाव प्राचीनांना आधी सुचले नाही, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. त्याच यादीत 'दक्षिणस्थ' म्हणजे उजवीकडे बसणारा हाही शब्द आहे. आपला आजचा चालक उजवीकडेच बसतो, आणि त्याच्या दृष्टीचा मोठा अडसरही उजवीकडेच उभा असतो. तो अडसर म्हणजे समोरची काच आणि दार यांच्यामधला तिरपा खांब.

या खांबाकडे गाडी घेताना कोणी पाहत नाही. रंग पाहतात, पडदा केवढा मोठा ते पाहतात. गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून हे खांब गेल्या काही वर्षांत जाड होत गेले आहेत. ते हिताचेच, परंतु त्याची किंमत दृष्टीने मोजावी लागते. साधे गणित मांडू. डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर १० सेंटिमीटर रुंदीचा खांब असेल, तर एका डोळ्याने पाहिल्यास २० मीटरवरील जवळजवळ ३ मीटर रुंदीचा भाग त्याआड जातो. दोन्ही डोळ्यांनी पाहिले तरी सुमारे १ मीटर उरतोच. मोळी घेतलेली बाई एक मीटरात मावते. आणखी वाईट असे, की वळण घेताना गाडी पुढे सरकते, ती बाईही चालत असते, आणि दोघांच्या गतीचा मेळ बसला तर ती खांबाआडून बाहेर येतच नाही. चालक शपथेवर सांगतो, 'रस्ता मोकळा होता.' तो खोटे बोलत नसतो. उजव्या वळणावर मान आणि खांदे पुढे-मागे झुकवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात लावून घेतली पाहिजे.

गाडी निवडताना दृष्टीची परीक्षा विक्रीदालनातच करावी, आणि जी चालविणार तिनेच करावी. घरातील कर्त्या पुरुषाने आसनावर बसून 'छान आहे' म्हणणे निरुपयोगी, त्याची उंची वेगळी. तिने रोजच्या चपला घालून बसावे. चालकाचे आसन वर-खाली होते का, ते पाहावे. ही सोय बहुधा वरच्या किमतीच्या प्रकारांतच देतात, पण कमी उंचीच्या चालकाला ती गाण्याच्या पडद्याहून लाखमोलाची. मग बॉनेटची कड दिसते का, घरातील लहान मूल गाडीपुढे उभे केले तर किती पावलांवर त्याचे डोके दिसू लागते, मागील काचेतून किती दिसते, दोन्ही आरशांत मागचे चाक टेकलेली जमीन दिसते का, हे एकेक पाहावे. (मूल उभे करून पाहताना इंजिन बंद आणि किल्ली बाहेर असावी.) मागील काचेवर वायपर आणि दव उडविणारी तापतार या वस्तू मुंबईत चैनीच्या वाटतील, जव्हारच्या धुक्यात त्या गरजेच्या आहेत. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, वरच्या झोताने पांढरी भिंतच डोळ्यांपुढे उभी राहते. काचेला आतून वाफ धरली की वातानुकूलन चालू करून बाहेरची हवा घेण्याची कळ फिरवावी, फडक्याने पुसत बसू नये.

जाता जाता सांगण्याजोगे : समोरची काच पुसणाऱ्या वायपरचा एकाधिकार अमेरिकेत १९०३ साली मेरी अँडरसन या स्त्रीने मिळविला होता, आणि मागचे दिसावे म्हणून हातआरसा जवळ बाळगण्याचा सल्ला इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट हिने १९०९ साली आपल्या पुस्तकात दिला होता. स्त्रियांना मोटारीतले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

नावानिशी विचाराल तर आमचे मत असे. दृष्टीच्या बाबतीत लहान गाड्यांत वॅगन आर हिचा हात धरणारी थोडी. उंची १६७५ मिलिमीटर, लांबी ३६५५, काचा मोठ्या, बसणे ताठ. गाडीचे चारही कोपरे कोठे आहेत ते नवशिक्यास लवकर उमजते. ए.एम.टी. तिच्यात आहे. परंतु २०२३ साली ग्लोबल एन-कॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅगा सर्व प्रकारांत देण्यात आल्या, ही सुधारणा झाली. टाटांची पंच ही याउलट. २०२१ साली त्याच संस्थेच्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले. बसण्याची जागा उंच, खालची मोकळीक अधिक, खडबडीत रस्त्यास सोयीची. पण मागची काच लहान आणि मागचे खांब जाड, तेव्हा मागे पाहण्यासाठी कॅमेरा असलेलाच प्रकार घ्यावा. स्विफ्टसारख्या खिडक्यांची कड मागे वर चढत जाणाऱ्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण नव्या हाताला त्या मागे घेणे जड जाते.

या दोहोंतून कोणती? रोज घाट आणि आडवाट असेल तर कॅमेऱ्यासह पंच, अथवा तशाच ताऱ्यांची दुसरी गाडी, असा आमचा कल आहे. गावात, पठारावर, शाळा-बाजारापुरते चालवायचे असेल तर वॅगन आर अधिक समजूतदार. काही विद्वान म्हणतील, सुरक्षेचे तारे हेच सर्वस्व. तारे गाडीच्या आत बसलेल्यांचे रक्षण सांगतात. वावरच्या वाटेवर चालणाऱ्या बाईचे रक्षण चालकाला ती दिसण्यावरच आहे. म्हणून आमच्या लेखी नजर आधी, पण तारे मुळीच नसलेली गाडी नवी घेऊन आणू नये. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाचीही भारत एन-कॅप ही चाचणी सुरू झाली आहे. तिचे निकाल प्रसिद्ध होतात, ते पाहूनच बयाणा द्यावा.

आता आपल्या घरांतील एक नाजूक गोष्ट. श्रद्धेने केलेल्या सजावटीनेच पुष्कळ गाड्या अर्ध्या आंधळ्या झालेल्या असतात. समोरच्या काचेवर देवतेचे मोठे चित्र, मागच्या काचेवर गावदेवीचे नाव ठळक अक्षरांत, आरशाला रुद्राक्षमाळ, लिंबू-मिरची आणि घुंगरू, पुढ्यात वीतभर उंचीची मूर्ती. आरशाला लटकणारी माळ वळणावर नेमकी खांबाच्या शेजारी झुलते, आणि आधीच अरुंद असलेली दृष्टी आणखी बुजते. देव पुढ्यात असावा, आमचेही घर देवाचेच आहे. पण मूर्ती बोटभर उंचीची, काचेच्या खालच्या कडेच्याही खाली, घट्ट बसविलेली असावी. कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर रेखावे, काचेवर नव्हे. झेंडूचा हार पूजेपुरता घालून गाडी हलण्यापूर्वी उतरवावा. काळ्या कागदाविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बजावले आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. उन्हाचे निमित्त करून काळी काच लावणाऱ्याने रात्री घाटात एकदा त्या काचेतून आरशात पाहावे.

शिकण्याविषयी थोडे. हलक्या मोटारीच्या परवान्यात हाताचा गिअर आणि ऑटोमॅटिक असा भेद कायद्याने केलेला नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी अडून राहू नये. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी परीक्षा देता येते. हे ३० दिवस पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावून, शेजारी परवानाधारक माणूस बसवूनच काढावेत. ऑटोमॅटिकमध्ये दोनच पायपट्ट्या, आणि दोन्हींसाठी एकटा उजवा पाय. डावा पाय बाजूला विसावलेला असावा, तो मध्ये आला की घोटाळा होतो. टाच ब्रेकच्या रेषेत टेकवून पाय उजवीकडे कलता करावा, म्हणजे घाबरल्यावर तो आपसूक ब्रेकवर येतो. पहिले दिवस मोकळ्या मैदानात अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शही न करता, केवळ ब्रेक ढिला करीत गाडी सरकविण्याचा सराव करावा. निर्माण विहारात जे वीतभर अंतर कळले नाही, ते येथे पायाला कळते. ए.एम.टी. गाड्यांत बहुधा 'पी' ही खूण नसते, म्हणून उतारावर उभी करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकाला दगड लावावा.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाची स्नाने आहेत. त्या पर्वात पालघर-मनोरकडून विक्रमगड, जव्हार, मोखाडा या वाटेने गाड्यांची किती दाटी होईल, हे मागची सिंहस्थे पाहिलेल्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी नवी गाडी आणि नवा चालक दोन्ही आहेत, त्यांनी घाटाचा सराव त्यापूर्वीच, पाऊस नसलेल्या सकाळी, जाणत्या माणसाला शेजारी बसवून पुरा करावा. आमच्या मोखाड्याच्या यजमानांनी सूनबाईंसाठी अद्याप गाडी घेतलेली नाही. दोन गाड्या तिने स्वतः बसून पाहिल्या आहेत, आणि तिसरी पाहावयास घरचे धाकटे पोर बरोबर नेणार असल्याचा निरोप त्यांनी आम्हांला पाठविला आहे.